छगनशेठच्या धाब्यावरची बाग

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून पाठवा, वाचकांना फुलझाडांची फार आवड असते. वाचून मला हसू आलं. चाळीस वर्षं मी लोकांच्या कुंड्या भरल्या. एवढ्या काळात फुलांची आवड असलेली गिऱ्हाइकं भेटली ती एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. बाकीच्यांना आवड होती ती शेजाऱ्याकडे नसलेल्या कुंडीची. तरी लिहितो. माझं शिक्षण मराठी चार इयत्ता, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी पाहून घ्यावं. खरंखोटं मी पाहिलेलं आहे.

मी धुडकू माळी. आमचं घराणं भाजीपाल्याचं, वांगी-मेथीवर वाढलेलं. कुंडी ही वस्तू मी पहिल्यांदा पाहिली ती नंदुरबारला प्रांतसाहेबांच्या बंगल्यावर हाताखालचा माळी म्हणून लागलो तेव्हा. बाहेर एवढी काळी जमीन पसरलेली असताना हे लोक चार टोपल्या माती मडक्यात का कोंडतात, हे मला बरेच दिवस कळलं नाही. तिथल्या मडमबाईने मला हा धंदा शिकवला. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही. ती बोट दाखवायची आणि मी करायचो. मे महिन्यात तिची विलायती रोपं पटापट माना टाकायची, तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि मी आभाळाकडे बघायचो.

आता हा धंदा काय, ते थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं, कुंडी म्हणजे भांडं. माळ्याला विचाराल तर कुंडी म्हणजे तिच्या बुडाचं भोक. भोकावर फुटक्या कौलाचे तुकडे पालथे घालायचे, त्यावर जाड वाळू, मग नदीचा पोयटा आणि कुजलेलं शेणखत, आणि वर चार बोटं जागा पाण्यासाठी मोकळी. पाणी वरून घातलं की खालून निघालं पाहिजे. निघालं नाही तर मुळं कुजतात, आणि दुसरं म्हणजे वजन वाढतं. कंबरेइतकी उंच कुंडी कोरडी असली तर चौघांनी उचलावी. तुडुंब भिजली की सहाजण लागतात आणि सहाही शिव्या देतात. गिऱ्हाईक मात्र बघतं ते बाहेरचा गेरू आणि चुन्याचा पट्टा. चाळीस वर्षांत एक बाई सोडली तर एकाही गिऱ्हाइकाने खाली वाकून भोक बघितलं नाही.

साहेबाच्या बंगल्यावर कुंड्या दिसल्या आणि गावोगावच्या मोठ्या लोकांना त्या हव्याशा झाल्या. साहेबाची रजा घेऊन मी बाहेरची कामंही करू लागलो. तापीकाठच्या एका गुजर पाटलांनी मला बैलगाडी पाठवून बोलावलं. त्यांची केळी कोसभर पसरलेली, नजर पोहोचेल तिथवर केळच. त्यांना माडीवर कुंडीत काय हवं होतं? केळ. साहेबाच्या व्हरांड्यात ताडाचं शोभेचं झाड होतं, त्यापेक्षा केळीचं पान रुंद, असा त्यांचा हिशेब. मी लावून दिली. तिला घड आला तेव्हा पाहुण्यांना शेतातून न नेता माडीवर नेऊन तो घड दाखवत. पुढं बुडातून पिल्लं फुटली आणि त्यांनी कुंडीचे दोन तुकडे केले. पाटील मला म्हणाले की कुंडी हलकी दिलीस. केळ भारी निघाली, असं मी म्हणालो आणि निघून आलो.

दुसरे एक अंमलदार होते, त्यांचं गाव सांगत नाही. साहेबाचा दौरा लागला की त्यांच्या कचेरीपुढं चाळीस कुंड्या उभ्या राहत. पानं चकचकीत दिसावीत म्हणून त्यांनी शिपायाला बसवून एकेका पानाला तिळाचं तेल लावलं. साहेब खूश होऊन गेला. आठ दिवसांनी सगळी झाडं वाळली, पण तोवर शेरा लिहून झाला होता. झाडं शेऱ्यापुरतीच होती, तेव्हा तक्रार कोणी केली नाही. तेवढं तेल माझ्या घरी आलं असतं तर महिनाभर भाजीला पुरलं असतं, एवढंच मला वाईट वाटलं.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती छगनशेठच्या बागेची. तिच्यापायी नंदुरबारात माझं नाव झालं. कसलं नाव झालं ते पुढं येईलच.

छगनशेठ मिरचीचे मोठे व्यापारी. हंगामात त्यांच्या मिरचीच्या पथाऱ्या गावाबाहेर अशा पसरायच्या की वारा फिरला तर सगळी पेठ शिंकायची. पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. शेठजींना सगळं मिळालं होतं, फक्त नावामागं ‘रावसाहेब’ लागायचं राहिलं होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं की थंडीच्या दौऱ्यात मोठा साहेब येणार आहे, त्याला घरी चहाला बोलवा. चहा द्यायचा तर बसवायचं कुठं? खाली मिरचीचा ठसका, म्हणून वर. आणि वर नुसतं बसवायचं कसं? म्हणून बाग. मला बोलावणं आलं.

शेठचं घर धाब्याचं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, काटक्या-पाला आणि वर मातीचा जाड थर. तो गळू नये म्हणून दर वर्षी पावसाआधी त्यावर खारी माती पसरायची. नवा थर घालतात, जुना कोणी काढत नाही. शेठच्या डोक्यावर त्यांच्या आजोबांचा थर होता, वडिलांचा होता आणि त्यांचा स्वतःचा होता. आमची धाबी एकमेकांना लागून असतात. गल्लीतल्या बाया या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर जातात-येतात, मिरची वाळवतात, कुरडया घालतात, उन्हाळ्यात सगळं गाव वर झोपतं. गल्लीत दार लावता येतं, धाब्यावर नाही.

शेठने एका विलायती यादीपुस्तकातलं चित्र मला दाखवलं. चौकोनी बैठक, तीवर चौकोनी कुंडी, चारी बाजूंना नक्षी. अशा अकरा हव्यात म्हणाले. मी ते चित्र घेऊन भिका कुंभाराकडे गेलो. भिका म्हणजे थापटण्याचा राजा. एवढाल्या कुंड्या चाकावर होत नाहीत, आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत वाढवाव्या लागतात. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “धुडकू, हाई तं वृंदावन शे. साहेब लोकेसना घरबी तुळस ऱ्हास का?”

मी म्हणालो, तू चित्राप्रमाणे कर. त्याने चित्राप्रमाणेच केलं, फक्त त्याच्या हाताला जे ठाऊक होतं ते आपसूक उतरलं. चारी बाजूंना पणतीचे कोनाडे आले, कडेला कमळं आली. अकरा वृंदावनं आव्यातून अशी खणखणीत निघाली की मलाच कौतुक वाटलं. शेठलाही आवडली. साहेब हिंदू नसल्यामुळे त्याला कळणार नाही, असं ते म्हणाले.

कुंड्या वर चढवायच्या दिवशी माझ्या हातून पहिली चूक झाली. मोठ्या कुंड्या नेहमी भिंतीच्या रेषेवर ठेवायच्या, तुळईच्या पोटावर नाही, हे मला मडमबाईने बोट दाखवून शिकवलं होतं. मी तसं शेठना सांगितलं. ते म्हणाले, साहेब मधे बसणार, मग बाग कडेला काय करायची? त्यांना साहेबाच्या खुर्चीभोवती गोल रिंगण हवं होतं. चार कोपऱ्यांत, सात मधे. धाबं झेपेल ना, असं त्यांनी विचारलं. मी खालच्या खोलीत जाऊन तुळई बघायला हवी होती. पण खाली धान्याच्या कणग्या लावलेल्या, अंधार, आणि शेठच्या कारकुनासमोर मला आपली हुशारी दाखवायची होती. मी छाती काढून सांगितलं की या धाब्यावर हत्ती बांधला तरी हलणार नाही. बोलायला काय जातं!

कुंड्यांत मी क्रोटन लावले, लाल-पिवळ्या पानांचे, बंगल्यावरून आणलेले. चार दिवस बाग सुरेख दिसली.

पाचव्या दिवशी जाऊन पाहतो तर मधल्या एका कुंडीत क्रोटनच्या शेजारी तुळशीचं रोप. मला वाटलं कोणा बाईने गंमत केली. आठवड्यात अकराही कुंड्यांत तुळस आली, आणि क्रोटन एकेक करून कडेला, मग कुंडीबाहेर, मग शेजारच्या बोळात. झालं होतं असं, की गल्लीतल्या बायांना धाब्यावर अकरा वृंदावनं दिसली आणि एकातही तुळस नाही. रिकामं वृंदावन डोळ्यांसमोर ठेवून कुठल्या घरात बरं होणार? त्यांनी आपापल्या दारातली रोपं आणून लावली. शेठाणीने स्वतः पहिलं रोप लावलं होतं. शेठ चिडले, पण उपटायला धजले नाहीत. मला म्हणाले, “तूच काढ.” मी म्हणालो, मी माळी आहे, महापापी नाही. हे वाक्य पुढं मलाच गिळायला लागलं.

त्यात कोजागिरीपासून कार्तिकस्नान सुरू झालं. आमच्या बाया पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घालतात. एरवी ज्या त्या घरची बाई आपापल्या तुळशीला तांब्याभर घालते. आता सगळ्या गल्लीची पुण्याई एकाच धाब्यावर गोळा झालेली. धाब्यावरून धाब्यावर पाय टाकत बाया यायच्या आणि अकराही तुळशींना एकेक तांब्या ओतायच्या. पंचवीस-तीस घरं. हिशेब मी करत नाही, वाचकांनी करावा.

तुळशीला एवढं पाणी सोसत नाही. पानं पिवळी पडली. बायांना वाटलं, तहानली, आणि त्यांनी दोन-दोन तांबे घालायला सुरुवात केली.

मी मातीत बोट खुपसलं तर आंबिलीत बुडाल्यासारखं पार मुळापर्यंत गेलं. एवढं पाणी खालून जातं कुठं, म्हणून कुंडीच्या बुडाखालच्या विटांच्या फटीतून हात घातला. भोक बंद. लाख वितळवून त्यात चिंधी कोंबून पक्कं बंद. अकराच्या अकरा. कोणाचं काम, म्हणून विचारायला गेलो तर शेठाणी अभिमानानं पुढं आल्या. म्हणाल्या, “तुळशीनं पानी खाले व्हाई ऱ्हायनं, लोकेसना पायखाल येस. पाप कोनले लागी?”

मी त्यांना मुळं कुजतात म्हणून सांगितलं, वजन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी खिळ्याने भोकं मोकळी केली. दुसऱ्या दिवशी परत बंद. परत मोकळी केली, परत बंद. त्या बाईची लाख संपेना आणि माझा खिळा वाकला.

आता जमनाची गोष्ट. जमना शेठची थोरली मुलगी, सासर शहाद्याकडे, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. तिच्यासाठी कणग्या हलवून तीच मधली खोली रिकामी केली, कारण ती घरात सगळ्यात आतली आणि उबदार. म्हणजे बरोबर सात कुंड्यांच्या खाली. दिवाळी झाली आणि ती बाळंत झाली. मुलगी झाली. मला हे कळलं ते रुखमा सुईणीकडून. ती खोलीतून बाहेर येऊन अंगणात हात धूत होती आणि मी पाण्याच्या पन्हाळीपाशी उभा राहून विचार करत होतो. धाब्याचा उतार पन्हाळीकडे असतो. पण आता पाणी पन्हाळीकडे न येता मधेच साचत होतं. असं का, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

रुखमा कुरकुरत होती. “दार लागत नही, भाऊ. परवापावतर बराबर लागे. आनि पोरना तोंडवर वरथून माती पडी ऱ्हायनी.”

ज्या आडभिंतीवर तुळईचं टोक टेकलेलं, तिच्यातच ते दार. भिंत दबली म्हणजे चौकट दबणार. मी विचारलं, माती पडते त्याचं काय केलंत? ती म्हणाली, खाटेवर लुगडं बांधलं छतासारखं. कोसळायला आलेल्या धाब्याखाली एक लुगडं बांधून घर निश्चिंत झालं होतं.

मी शेठकडे धावलो. सगळं कबूल केलं, तुळई बघितली नव्हती हेही सांगितलं. शेठ म्हणाले, तूच तर हत्ती बांध म्हणाला होतास. मी म्हणालो, खोटं बोललो. ते म्हणाले, मग आताही बोलत असशील. साहेब आठवड्यावर आला होता. त्यांनी मला समजावणीच्या सुरात सांगितलं, “साहेबले चहा पी जाऊ दे. मंग बठ्ठ्या कुंड्या तुन्हा घर लई जाय.”

मग शेठाणीकडे गेलो. कुंड्या राहू द्या, निदान पोरीला दुसऱ्या खोलीत हलवा म्हणालो. त्यांनी कानावर हात ठेवले. पाचवाच दिवस होता. दहा दिवसांच्या आत बाळंतीण खोलीबाहेर काढायची आणि सगळ्या घरात विटाळ करायचा? तोही तुळशीचं लग्न तोंडावर असताना? मग मिस्त्रीला गाठलं. तो चांगला कसबी माणूस. म्हणाला, आतून दोन टेकू लावले की काम झालं, घटकाभराचं काम आहे. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, तेव्हा अकराव्या दिवशी येतो. शेवटी भटजींकडे गेलो. तुळशी उचलून दुसरीकडे लावल्या तर चालेल का? त्यांनी पंचांग काढलं. लग्नाआधी नाही, लग्नानंतर खुशाल. लग्न परवा द्वादशीला, अकरा तुळशींचं एकदम, वर धाब्यावर, सगळी गल्ली हजर राहणार. धाब्याचा फारच घोर वाटत असेल तर शांत करून देतो म्हणाले.

सगळे शहाणे आणि सगळ्यांचं बरोबर. कुंड्या हलू शकत नव्हत्या आणि पोर हलू शकत नव्हती. धाबं तेवढं हलायला मोकळं होतं. परवा त्याच्यावर गल्लीतल्या पन्नास बाया मंगलाष्टकं म्हणत उभ्या राहणार होत्या.

मी घरी गेलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, मोठ्या लोकांचं घर. जेवण गेलं नाही. मला शेठची कीव येत नव्हती, खरं सांगतो. भीती वाटत होती ती अशी की उद्या काही झालं तर ते माझ्यामुळे, आणि हे मला एकट्यालाच ठाऊक असणार.

एकादशीला, चांगलं ऊन वर आल्यावर, मी पहार आणि पावडं घेऊन शेजारच्या धाब्यावरून शेठच्या धाब्यावर गेलो. भिजलेली कुंडी उचलायला सहाजण लागतात हे वर लिहिलंच आहे. पूजेतल्या कुंडीला हात लावायला एकही आला नसता. म्हणून फोडायचीच. हात जोडले, चुकीची माफी मागितली आणि मधल्या सातांतल्या पहिल्या कुंडीवर पहार घातली. भिकाचं भाजकाम इतकं पक्कं की तीन घाव लागले. चिखलपाणी भसकन बाहेर आलं. तुळस मी आधी मुळांच्या गोळ्यासकट काढून ओल्या गोणपाटात ठेवली. प्रत्येक कुंडीची तशीच ठेवली. हे मी आवर्जून लिहितो, कारण त्या दिवशी ते कोणीही बघितलं नाही.

तिसऱ्या कुंडीला बायांनी बघितलं. मग जो कालवा झाला त्याचं वर्णन करत नाही. चौथ्या-पाचव्या कुंडीला दगड यायला लागले. सहाव्या कुंडीला शेठ वर आले. खाली न्हाव्यापुढं बसलेले होते, एक गाल तासलेला, एक साबणाचा. साबणातून ते जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी सातवी फोडली आणि पहार खाली ठेवली. मातीचे ढीग पावड्याने अंगणात लोटून दिले. कोपऱ्यातल्या चार कुंड्या भिंतीवर होत्या, त्यांना हात लावला नाही. कोणाला वाटेल, माणूस पिसाळला होता. पिसाळलेला माणूस मोजून सात फोडत नाही.

मग मला खाली ओढलं. मार बेताचाच पडला. शेठच्या हमालांना आमच्या मळ्यातल्या फुकटच्या भाजीची सवय होती. शेठाणी ओसरीवर बसून रडत होत्या, आणि त्या रडण्याने मला माराहून जास्त लागलं. त्यांनी जे केलं होतं ते मनापासून केलं होतं. गोणपाटातल्या सातही तुळशी मी घरी नेऊन विहिरीच्या काठाला लावल्या. सहा जगल्या.

लग्न लागलं ते कोपऱ्यांत उरलेल्या चार तुळशींचं, पण अंगणात उभं राहून, अक्षता खालून वर टाकून. धाब्यावर कोणी गेलं नाही. साहेब चहाला आलाच नाही. तळोद्याच्या जंगलात वाघ निघाल्याची खबर आली आणि तो स्टेशनवरून परस्पर तिकडे गेला. शेठ म्हणाले माळ्याने घात केला, बाया म्हणाल्या तुळशीचा कोप. वाघाचं नाव कोणी घेतलं नाही. दोन वर्षांनी शेठने सरकारी कामाला जागा दिली आणि रावसाहेब झाले. त्यात बागेचा काही संबंध आला नाही.

आणि धाबं पडलं नाही. तिथंच माझा घात झाला. ते पडलं असतं तर मी देवमाणूस ठरलो असतो. ते उभं राहिलं, ओझं गेलं म्हणूनच राहिलं, आणि मी मात्र उगीच तुळशी मोडणारा माणूस ठरलो. ‘तुळसतोड्या’ हे माझं नाव नंदुरबारात पडलं. माझ्या मुलीला बघायला आलेली माणसं ते ऐकून परत गेली. भिका कुंभार, माझा जिवाभावाचा माणूस, वर्षभर बोलला नाही. त्याच्या हातून तसं काम परत झालं नाही, असं तो म्हणे. बंगल्यावरची नोकरी गेली आणि मी तळोद्याला जंगलखात्याच्या बंगल्यावर लागलो. बाजारहाटाला नंदुरबारला आलो की पेठेत कोणी ना कोणी हटकायचं, काय धुडकू, पडलं का छगनशेठचं धाबं? मी म्हणायचो, नाही बा, अजून नाही. हसायचे. पुढं पुढं मीही हसायला शिकलो. पण पुष्कळदा बंगल्यावर झारीने पाणी घालताना माझ्या मनात यायचं की खरंच पडणार होतं का? मीच तर घाबरलो नव्हतो? दार ओलाव्याने फुगलेलंही असेल. अशा शंकेने माणूस आतून झिजतो.

परवाची लढाई संपली आणि छगनशेठच्या मुलांनी जुनं घर उतरवायला काढलं. शेठ वारले होते, शेठाणीही. मला कळलं तसा मी पहिल्या गाडीने गेलो. का गेलो ते सांगायला नको.

मजूर मधल्या खोलीची तुळई दोरांनी खाली घेत होते. अंगणात आणून ठेवली. मी वाकून खालची बाजू बघितली. मधोमध आडवी फट, बोटं आत जातील इतकी, निम्म्याहून जास्त तुळई चिरत गेलेली. आतलं लाकूड जुनं काळं पडलेलं, म्हणजे फट आताची नव्हती. मजूर म्हणाला, सरपणाला बरी आहे. मी तिथंच उकिडवा बसलो. वीस वर्षांनी मी खरा ठरलो होतो, आणि ते सांगायला समोर एक मजूर. मला रडूही येत होतं आणि ओरडून पेठ गोळा करावीशीही वाटत होती.

मागून कोणीतरी हाक मारली. पाहतो तर जमनाबाई, केस पिकलेले. भावाच्या नव्या घराच्या पायाभरणीला आली होती. मी तिला फट दाखवली. म्हणालो, बाई, बघा, मी उगीच नव्हतं केलं.

ती खाली वाकलीही नाही. “आप्पा, हाई फट मी देखेल शे,” ती म्हणाली. “खाटवर पडी पडी रोज देखू. पह्यले केससारखी व्हती. मायले सांगं व्हतं. माय बोलनी, डोया मिटी ले, बाळंतीनले आसंच दिखस. मंग तिनी लुगडं बांधं.”

लुगडं बांधल्यावर फट दिसेनाशी झाली, तेव्हा ती आवाजावर कान ठेवून पोरीला पोटाशी धरून पडून राहायची. माझी पहार वाजली तेव्हा तिला वाटलं की आता आलं खाली, आणि तिने पोरीवर आपलं अंग घातलं. मग कोणीतरी आत येऊन सांगितलं की धुडकूने तुळशी फोडल्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिला झोप लागली.

मी विचारलं, मग बाई, नंतर कधी सांगितलं का नाही कोणाला? वीस वर्षं मला गाव काय म्हणत होतं ते तुम्हाला ठाऊक होतं.

ती रागावली नाही. म्हणाली, “माले कोनी इचारंच नही, आप्पा. तुम्हीबी नही.”

त्या दोन दिवसांत मी शेठला विचारलं होतं, शेठाणीला विचारलं होतं, मिस्त्रीला आणि भटजीला विचारलं होतं. रुखमा सुईण दिवसातून चारदा त्या खोलीत जात-येत होती. वर काय दिसतंय, एवढं आतल्या पोरीला तिच्याकरवी विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या घरात ते धाबं एकट्या मलाच कळलंय, या अभिमानावर मी वीस वर्षं काढली होती.

“चुकलं, बाई,” मी म्हणालो. मजुरांनी कुऱ्हाड आणली होती, त्यांना जागा करून द्यायला आम्ही दोघं बाजूला झालो.